मागाच्या मागावर : मराठवाड्यातले पाच उन्हाळी दिवस

पुण्यातील माझी एक मैत्रीण वस्त्ररचनाकार आहे. दोन चित्रकारांना सोबत घेऊन गेल्या वर्षापासून ती उन्हाळ्यासाठी मोजक्या नगांचा एक संच तयार करून घेत आहे. त्यात हिमरू या सूत-रेशमाच्या नक्षीदार कापडाची उपरणी आहेत, हातकागदाचे पंखे आहेत, पैठणीचे काठ असलेले सुती शेले आहेत, मातीचे चंबू आहेत आणि जुन्या लुगड्यांच्या पातळ गोधड्याही आहेत. छापचित्राच्या खाली चित्रकार पेन्सिलीने ३/२४ असा आकडा लिहितो, म्हणजे चोवीस प्रतींपैकी ही तिसरी. त्याच पद्धतीने यातल्या प्रत्येक वस्तूला क्रमांक मिळणार होता आणि तिच्यासोबत एक छोटे कार्ड जाणार होते. कार्डावरचा मजकूर लिहिण्याचे काम मैत्रिणीने माझ्यावर सोपवले, तेव्हा या वस्तू जिथे घडतात तिथे जाऊन आल्याशिवाय मी एक ओळही लिहिणार नाही, असे मी तिला सांगितले. मी परभणीत वाढले असल्यामुळे एप्रिलच्या उन्हाचे मला नवल नव्हते, आणि उन्हाळी वस्तू पाहायच्या तर त्या उन्हाळ्यातच पाहायला हव्यात, हेही दोघींना पटले होते.

एक प्रश्न मात्र मी निघतानाच सोबत घेतला होता. छापचित्राची तांब्याची प्लेट दाबाखाली झिजत जाते, म्हणून तिच्या प्रतींना मर्यादा असते. मागावरचे कापड धागा आहे तोवर विणता येते. मग उपरणी चोवीसच का, आणि हा आकडा नेमका कोण ठरवतो?

दिवस पहिला : छत्रपती संभाजीनगर

पहाटे आम्ही दोघी गाडीतून उतरलो आणि सात वाजायच्या आत जुन्या शहरातल्या एका गल्लीत हिमरू विणणाऱ्या चाचांच्या मागापाशी पोहोचलो. इतक्या लवकर येण्याचा आग्रह त्यांचाच होता. "दस बजे के बाद धागा सुनता नई," असे त्यांनी फोनवर सांगितले होते आणि त्याचा अर्थ मला तिथे गेल्यावर कळला. हवेतला ओलावा गेला की सुती धागा कडक होतो आणि वारंवार तुटू लागतो. त्यामुळे उन्हाळ्यात काम पहाटे सुरू होते, खोलीच्या खिडकीला ओले पोते लावलेले असते आणि मागाखालच्या जमिनीवर अधूनमधून पाणी शिंपडले जाते. जमिनीत खड्डा करून त्यात पाय सोडून बसायची जुनी पद्धत अशा हवेत किती शहाणपणाची होती, हे त्या खोलीत दोन तास बसल्यावर समजते. खड्ड्यातली माती गार असते आणि ताण्याला, म्हणजे मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांना, खालून ओल मिळत राहते.

हिमरूची कथा या शहराजवळच्या देवगिरीशी जोडलेली आहे. महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे दौलताबादला, हलवली तेव्हा त्याच्यासोबत विणकरही आले आणि राजधानी परत गेल्यावरही त्यांतले कित्येक इथेच राहिले, अशी परंपरा सांगितली जाते. सोन्यारुप्याच्या तारांचा कमखाब राजेरजवाड्यांसाठी होता. त्याच्यासारखे दिसणारे, पण सुताचा ताणा आणि रेशमाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, असलेले हिमरू त्याहून कमी खर्चात होत असे. पूर्वी मागावर एक मुलगा बसून नक्षीचे दोरे उचलत असे आणि विणकर आडवा धागा नेणारा धोटा टाकत असे. चाचांच्या मागावर आता भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ ते काम करते.

मैत्रिणीने चाचांना दिलेले काम वरवर साधे वाटते, पण ते हिमरूच्या स्वभावाविरुद्ध होते. हिमरूची खरी ओळख त्याच्या पाठीवर आहे. नक्षीसाठी घातलेला रेशमी बाणा जिथे पुढच्या बाजूला दिसायचा नसतो तिथे तो मागे सुटा राहतो, आणि या सुट्या धाग्यांचा एक मऊ थर तयार होतो. त्यामुळेच हिमरूची शाल उबदार असते. उन्हाळी हिमरू म्हणजे ही ऊबच काढून टाकायची. चित्रकाराने अजिंठ्याच्या छतांवरील कमळे डोळ्यांसमोर ठेवून एकमेकांना लागून असलेल्या फुलांची दाट नक्षी काढली होती. ती पाहून चाचांनी कागद उलटा करून ठेवला आणि म्हणाले, हे पुढून कमळ आहे, मागून रजई आहे. त्यानंतर चार महिन्यांत नक्षी तीनदा बदलली. फुले विरळ झाली, दोन फुलांमध्ये वीतभर मोकळे सूत आले आणि मागचे सुटे धागे कात्रीने छाटून टाकण्याचे ठरले. छाटायचे तर फुलाच्या कडेला बाण्याची पकड घट्ट हवी, नाहीतर दोन धुण्यांत फूल निसटून जाईल, म्हणून कडेची वीण बदलावी लागली. मी एक उपरणे उजेडाकडे धरून पाहिले. फिकट राखाडी सुतातून खिडकीचे गज दिसत होते आणि कमळ मात्र काचेवर ठेवल्यासारखे अधांतरी उभे होते. त्याच्या पाठीवर हात फिरवला तेव्हा छाटलेल्या रेशमाची बारीक लव बोटांना लागली, पिकत आलेल्या जोंधळ्याच्या कणसावर बोट फिरवावे तशी.

चोवीसच का, हे मी चाचांना विचारले. एकदा मागावर चढवलेल्या ताण्यात तेवढीच उपरणी बसतात, असे त्यांनी सांगितले. ताणा संपला की नवा धागा आणावा लागतो, त्याचा रंग थोडा तरी निराळा येतो आणि ते मग दुसरेच काम होते.

चित्रकार आणि विणकर यांनी असे एकत्र बसणे नवे नाही. केंद्र सरकारने १९५६ पासून विणकर सेवा केंद्रे सुरू केली आणि तिथे चित्रकारांना नेमले. आपले प्रभाकर बरवे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला वाराणसीच्या अशाच केंद्रात काम करीत होते. त्या अनुभवाने विणकराला काय मिळाले याची नोंद कमी सापडते, ही मला जुनी खंत वाटते, आणि कार्ड लिहिताना ती मनात होती.

दुपार पाणचक्कीच्या सावलीत काढली. मलिक अंबरने वसवलेल्या या शहरात मातीच्या नळांतून दूरवरून आणलेले पाणी अजूनही तिथल्या हौदात पडते आणि बेचाळीस अंशांच्या दुपारी त्या आवाजानेही बरे वाटते. रात्री नान-खलिया खाल्ला. तर्रीदार रस्सा आणि तंदुरी नान हे जेवण उन्हाळ्याचे नाही, हे मान्य, पण या शहरात येऊन ते टाळणे मला जमत नाही.

जाणाऱ्यांसाठी : जुन्या शहरातल्या विणकरांकडे सकाळी सात ते दहा हीच वेळ ठेवावी. हिमरू घेताना कापड उलटे करून पाहावे. उबदार शालीच्या पाठीवर सुटे रेशीम असणे हा दोष नाही. दुकानात मशरू हे कापडही दिसेल. त्यात रेशीम वर आणि सूत अंगाकडे असते, त्यामुळे घाम येणाऱ्या हवेत ते रेशमी कापडापेक्षा सुखाचे ठरते. वेरूळच्या लेण्यांना मंगळवारी आणि अजिंठ्याला सोमवारी सुट्टी असते, याचा हिशोब आधीच करावा.

दिवस दुसरा : कागजीपुरा

दौलताबादचा किल्ला मागे टाकून खुलताबादच्या रस्त्याला लागले की कागजीपुरा येते. गावाच्या नावातच कागद आहे. तुघलकाच्या काळापासून इथे हातकागद होतो असे मानले जाते आणि या भागातील कित्येक जुनी कागदपत्रे इथल्याच कागदावर लिहिली गेली. सुती कापडाच्या चिंध्या भिजवून, कुटून त्यांचा लगदा करतात, तो हौदातल्या पाण्यात कालवतात आणि चौकटीच्या जाळीवर एका हालचालीत उचलतात. ती हालचाल पाहण्यासाठी मी अर्धा तास हौदापाशी उभी होते. कागजीभाईंनी जाळी पाण्यात उभी घातली, आडवी केली आणि वर काढताना दोनदा हलवली, एकदा पुढे-मागे आणि एकदा डावी-उजवीकडे. या दुसऱ्या हलवण्याने तंतू एकमेकांत गुंततात आणि कागद दोन्ही दिशांनी सारखा बळकट होतो. जाळीवर राहिलेला थर दुधावरच्या सायीसारखा दिसत होता.

पंख्यांसाठीच्या लगद्यात वाळ्याची बारीक मुळे घातलेली होती. कागद वाळल्यावर ती तपकिरी रेघांसारखी दिसतात, आणि पंख्यावर पाण्याचा हलका हबका मारला की मंद वास येतो. कागदाला खळ दिलेली असल्यामुळे तेवढ्या पाण्याने तो विरघळत नाही. लहानपणी आमच्या घरी दारावर वाळ्याचे पडदे असत आणि दुपारी त्यांच्यावर पाणी मारण्याचे काम माझ्याकडे असे. पहिला कागद नाकाशी धरला तेव्हा मला काही क्षण बोलता आले नाही.

ठरल्याप्रमाणे चाळीस कागद सकाळी वाळत घातले होते. उन्हाळा हा कागदाचा हंगाम आहे, कारण दिवसभरात कागद कडकडीत वाळतो. दुपारी साडेतीनपर्यंत आभाळ स्वच्छ होते. त्यानंतर किल्ल्याच्या बाजूने धुळीची एक भिंत आली आणि कोणी काही म्हणायच्या आत घरातली लहानमोठी माणसे अंगणात धावली. आम्हीही धावलो. अवकाळी पाऊस पंधरा मिनिटेच पडला, पण त्याच्या पहिल्या थेंबांनीच नऊ कागद घेतले. एकतीस वाचले.

संध्याकाळी त्या नऊ कागदांवरून आमच्यात मतभेद झाला. त्यांतल्या काहींवर थेंबांचे गोल वण उठले होते आणि फोनवर चित्र पाहून एका चित्रकाराने ते ठेवून घ्या, पावसाची सही आहे, असे कळवले. मला ते पटले नाही. ज्याच्या घरात हा कागद होतो त्याच्या लेखी तो बिघडलेला कागद होता, आणि त्याच्या नजरेला जे सदोष आहे ते आपण दुर्मीळ म्हणून अधिक किमतीला विकणे मला अप्रामाणिकपणाचे वाटले. आमचे बोलणे चालू असताना कागजीभाईंनी नऊही कागद उचलले, फाडले आणि लगद्याच्या हौदात टाकले. मैत्रिणीने नऊ नवे कागद करून मागितले, त्यावर त्यांनी मान हलवली. त्या खेपेचा वाळा संपला होता आणि नव्या लगद्याचा रंग जुन्याशी जुळला नसता. त्यामुळे पंखे आता चाळीसऐवजी एकतीस आहेत.

जाणाऱ्यांसाठी : इथे कागद सुटे विकत मिळतात. शाईने लिहायचे असेल तर दगडाने घोटलेला गुळगुळीत कागद मागावा, जलरंगांसाठी न घोटलेला. कागद गुंडाळून न्यावेत, घडी घालू नये. खुलताबाद जवळच आहे. टोप्या शिवून मिळालेल्या पैशांतूनच आपल्या दफनाचा खर्च व्हावा अशी इच्छा व्यक्त केल्याचे ज्याच्याबद्दल सांगतात, त्या औरंगजेबाची साधी कबर तिथे आहे.

दिवस तिसरा : पैठण

शहरापासून पैठण पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे आणि सकाळच्या बसने दीड-दोन तासांत पोहोचता येते. नाथांच्या समाधीचे दर्शन घेऊन आम्ही थेट विणकर ताईंच्या घरी गेलो. त्या, त्यांचे पती आणि धाकटी जाऊ असे तिघे दोन मागांवर आळीपाळीने बसतात.

पैठणीची वीण हिमरूच्या नेमकी उलट आहे. इथे नक्षीचा धागा मागे सुटा राहतच नाही. प्रत्येक रंगासाठी वेगळी तिल्ली, म्हणजे धागा गुंडाळलेली छोटी काडी, असते. त्या रंगाचे क्षेत्र संपले की तिल्ली तिथेच थांबते, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकून मागे वळते आणि पुढच्या ओळीत परत येते. त्यामुळे पदर पुढून जसा दिसतो तसाच मागूनही दिसतो. ताईंच्या मागावर एका वेळी तीस-पस्तीस तिल्ल्या लोंबत होत्या आणि त्या न पाहता नेमकी हवी ती उचलत होत्या. बांगडी मोराच्या मानेजवळ निळा संपून हिरवा सुरू होतो तिथे त्या थांबल्या, नखाने धागा दाबला, तिल्ली फिरवली आणि फणी ठोकली. मी घड्याळ लावून पाहिले, तर पाऊण तासात मोराचा डोळा पुरा झाला होता आणि कापड करंगळीच्या नखाइतकेही पुढे सरकले नव्हते.

आज पैठणी म्हटली की नखशिखांत रेशीम डोळ्यांसमोर येते. जुन्या काळी मात्र तिचे अंग तलम सुताचे असे आणि रेशीम काठापदरापुरते वापरले जाई. मैत्रिणीच्या बारा शेल्यांमागे हाच विचार आहे. मधले अंग सुताचे, काठ दोन बोटे रुंदीचा आणि पदरावर बांगडी मोराच्या जागी चित्रकाराने काढलेली बाभळीची पिवळी फुले. नवे आकृतिबंध पैठणीला वर्ज्य नाहीत. हैदराबादच्या निजामाच्या सुनेने, बेगम निलोफर यांनी, काठापदरांत नव्या नक्षी आणल्याचे सांगतात. ताईंना बाभळीची फुले आवडली होती, पण त्यांची एक हरकत होती आणि ती मला फार मोलाची वाटते. बाभळीचे फूल गोल असते आणि या वीणीत गोल आकार पायऱ्यापायऱ्यांनी येतो. लहान फूल काढले तर ते चौकोनी दिसते. एकतर फूल मोठे करा नाहीतर चौकोनीच असू द्या, पण मग त्याला बाभूळ म्हणू नका, असे त्यांनी चित्रकाराला सांगितले होते. शेवटी फूल मोठे झाले आणि पदरावर सातऐवजी तीनच फुले राहिली.

रेशमाची गोष्ट निघाली तेव्हा ताईंच्या पतींनी सांगितले की त्यांच्याकडचे रेशीम बेंगळुरूहून येते आणि जरतार सुरतेहून. मराठवाड्यातच आता तुतीची लागवड भरपूर होते आणि जालन्याला २०१८ पासून रेशीम कोषांची बाजारपेठ आहे. आपल्या कोषांचे सूत आपल्याच मागावर यावे, ही त्यांची इच्छा ऐकताना पैठणच्या जुन्या व्यापाराची आठवण झाली. हे नगर सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवृत्तात भडोचच्या बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर असल्याचे लिहिले आहे. तगरहून साधे सुती कापड आणि नाना तऱ्हेची मलमल गाड्यांतून अवघड वाटांनी बंदरावर जात असे. ते तगर म्हणजे आजचे तेर, आमचा पुढचा मुक्काम.

संध्याकाळी नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठावर गेलो. पाणी पुष्कळ मागे हटले होते आणि उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीवर कोणीतरी टरबुजाचे वेल लावले होते. फोडून दिलेले टरबूज कोमट होते, तरीही दोघींनी अर्धे संपवले.

जाणाऱ्यांसाठी : काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या दुकानात हातमागाची म्हणून मी यंत्रमागाची पैठणी घेतली होती आणि ती चूक मला पदर उलटा केल्यावर घरी कळली. आता मी आधी पाठ पाहते. मागे धाग्यांची रांग सुटी दिसली किंवा ते कापून टाकलेले दिसले तर ती तिल्लीची वीण नव्हे. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्याची आणि रेशमासाठी सिल्क मार्कची खूण मागून घ्यावी. विणकराच्या घरी गेल्यावर मागावरच्या कापडाला विचारल्याशिवाय हात लावू नये. तळहाताच्या घामाचा डाग जरीवर राहतो.

दिवस चौथा : तेर

बीडमार्गे धाराशिवपर्यंतचा प्रवास लांबला, गाडी वाटेत एकदा बदलावी लागली, आणि तेरला पोहोचेपर्यंत दुपार झाली. एका घरगुती खानावळीत ज्वारीची भाकरी, येसर आमटी, कांदा आणि शेंगदाण्याची चटणी मिळाली. भाजलेल्या धान्याचा आणि मसाल्याचा येसर घरोघरी वेगळा असतो. इथल्या आमटीला हरभऱ्याच्या डाळीचा खमंग वास होता आणि आम्ही दोनदा वाढून घेतली.

तेरणेच्या काठच्या या गावात रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय आहे. सातवाहनकाळातल्या भाजलेल्या मातीच्या मूर्ती, मणी, नाणी आणि दिवे तिथे पाहायला मिळतात. तेरच्या मातीतून मिळालेल्या एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इटलीतील पॉम्पेई येथे सापडलेल्या मूर्तीशी साम्य आहे, ही गोष्ट अभ्यासकांनी पूर्वीच दाखवून दिली आहे. या गावाची मलमल मात्र कुठेच उरलेली नाही. कापड मातीत टिकत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी ज्या कापडाने गावाचे नाव समुद्रापार नेले, त्याचा एक धागाही त्या दालनांत मला दिसला नाही.

तेर संत गोरोबाकाकांचे गाव आहे आणि चैत्र वद्य त्रयोदशीच्या समाधी सोहळ्याची तयारी सुरू झाली होती. थापटण्याने संतांची डोकी तपासून कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे हे काकांनी सांगितले, ती कथा आपल्याकडे मुलांनाही ठाऊक असते. आमच्या संचातले चंबू करणाऱ्या कुंभारदादांच्या हातातही तसेच लाकडी थापटणे होते. चाकावरून उतरवलेल्या जाड भांड्याच्या आत एका हाताने दगडी गुंडा धरून बाहेरून ते थापटत होते आणि आवाज जसजसा बदलत होता तसतशी भिंत पातळ होत होती. मातीत ते लीद आणि राख मिसळतात. भाजताना लीद जळून जाते आणि तिच्या जागी बारीक छिद्रे राहतात. त्या छिद्रांतून पाणी झिरपते, वाऱ्याने उडून जाते आणि आतले पाणी गार होते.

चित्रकाराला चंबूच्या बाहेरून निळ्या रंगाचा हात हवा होता. दादांनी दोन चंबू तसे करून दिले, दोन्हींत पाणी भरले आणि शेजारी एक साधा चंबू ठेवून पाहुण्यांना तिन्हींतले पाणी प्यायला लावले. रंगाने छिद्रे बुजली होती आणि निळ्या चंबूंतले पाणी कोमट होते. त्यानंतर रंगाचा विषय निघाला नाही. चित्रकाराने फक्त ओल्या मातीवर काट्याने रेघा मारल्या आणि त्या रेघांत पाणी जरा अधिक पाझरत असल्यामुळे भरलेल्या चंबूवर नक्षी ओली, गडद होऊन दिसू लागते. संपूर्ण संचात मला हीच वस्तू सर्वांत अधिक आवडली.

जाणाऱ्यांसाठी : धाराशिवहून तेर तीस किलोमीटरच्या आसपास आहे. नवे मातीचे भांडे रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावे, पहिल्या दोन-तीन दिवसांचे पाणी झाडांना घालावे आणि भांडे साबणाने कधीही घासू नये.

दिवस पाचवा : लातूरजवळचे एक खेडे

पहाटे लातूरहून निघालो आणि सकाळच्या न्याहारीला गोधड्या, म्हणजे इथल्या वाकळी, शिवणाऱ्या मावशींच्या ओसरीवर होतो. मुरमुरे भिजवून केलेला सुशीला, त्यावर शेंगदाण्याचे कूट आणि कोथिंबीर, आणि नंतर कैरीचे पन्हे. घरावरच्या पत्र्यांवर कुरडया आणि बाजरीच्या खारोड्या वाळत होत्या. रब्बीची कामे उरकून पेरणीला अवकाश असतो, त्या दिवसांत वाळवणे आणि वाकळी ही दोन्ही कामे बायका बरोबरच काढतात. "कुठून आलाव बाई?" हे विचारून झाल्यावर मावशींनी आधी आमच्या पायांखाली एक वाकळ अंथरली आणि मग बोलायला सुरुवात केली.

थंडीच्या गोधडीत कापडाचे कितीतरी थर असतात. उन्हाळ्याची वाकळ दोन-तीन थरांचीच असते आणि तिला वर्षानुवर्षे धुऊन मऊ झालेले सुती लुगडेच लागते. हल्ली घरात जुन्या साड्या पुष्कळ निघतात, पण त्या कृत्रिम धाग्याच्या असतात. त्यांची वाकळ घाम शोषत नाही. नगांची मर्यादा इथे लुगड्यांवरच येऊन थांबली. मावशींकडे सासूबाईंची चार लुगडी होती, तीन वाकळींत ती संपली आणि आता चौथी वाकळ होणार नाही.

दाभणात दोरा ओवून त्या कडेपासून टाके घालत आत येतात, चौकोनात चौकोन करीत, मध्यापर्यंत. टाका तांदळाच्या दाण्याएवढा. मी तळहात ठेवून मोजले, तर एका तळहाताखाली टाक्यांच्या अकरा ओळी आल्या. एका जागी लुगड्याचा विटलेला जांभळा रंग अचानक गडद होत होता. तिथे पूर्वी निऱ्या खोचल्या जात आणि ऊन पोहोचत नसे, असे मावशी म्हणाल्या. चित्रकाराने या वाकळींसाठी काहीही काढलेले नाही. त्याने फक्त कोणता तुकडा कुठे लावायचा हे मावशींसोबत बसून ठरवले आणि दोनदा मावशींनी त्याचे म्हणणे बदलले.

कार्डाची गोष्ट इथे निघाली. पुण्यात तयार झालेल्या पहिल्या मसुद्यात रचनाकाराचे आणि चित्रकारांचे नाव होते, कारागिरांचा उल्लेख "स्थानिक कारागीर" एवढाच होता. पाच दिवसांत मी ज्यांच्यासमोर बसले त्या प्रत्येकाने वस्तूचा आकार, रंग किंवा संख्या बदलली होती, म्हणून त्यांचे नाव त्याच आकाराच्या अक्षरांत आणि त्याच ओळीत आले पाहिजे, असा आग्रह मी रात्रीच धरला होता आणि मैत्रिणीने तो मान्य केला. या लिखाणात मी त्यांना चाचा, ताई, दादा म्हटले आहे. कार्डांवर त्यांची पूर्ण नावे आहेत, प्रत्येकाला विचारून घेतलेली.

मावशींना नाव विचारले तेव्हा त्यांनी आधी सासूबाईंचे नाव सांगितले. "लुगडं त्यांचं. मी नुसते टाके घातले." बराच वेळ समजावल्यावर दोन्ही नावे लिहायला त्या राजी झाल्या, सासूबाईंचे आधी. क्रमांक कुठे घालायचा हे त्यांनी विचारले आणि मैत्रिणीने दाखवलेल्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने तीन टाके घातले, कारण ती तिसरी वाकळ होती. आकड्यांपेक्षा ते मला बरे वाटले, म्हणून तिन्ही वाकळींवर कागदी क्रमांक न लावता क्रमांकाएवढे टाकेच ठेवले आहेत.

निघताना मावशींनी वाकळीची घडी घातली, मैत्रिणीच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "उन्हात लई वेळ टाकू नका. सावलीत वाळवा, अन् धुताना पिळू नका." वाकळीच्या कार्डावर दोन नावांच्या खाली मी हीच दोन वाक्ये लिहिली आहेत.